ओहोटी नसलेला दर्या

२५ मे, रविवार. सकाळपासून चटया धुवायचं काम. संध्याकाळी बैठक आमच्या अंगणात होती आणि चटया गेल्या वर्षीच्या बैठकीनंतर माळ्यावर टाकलेल्या, त्यात उंदरांनी संसार मांडलेला. नळाखाली एकेक पसरायची, खराटा मारायचा, कुंपणावर टाकायची. सासरे ओट्यावर बसून बघत होते. घरात, गावात सगळे त्यांना दादा म्हणतात. एरवी बैठकीच्या दिवशी ते मला दहा सूचना देतात. त्या दिवशी फक्त एकदा तोंड उघडलं.

"चटया कशाला? लोक उभ्यानंच निकाल लावतील."

"उभे राहोत नाहीतर बसोत," मी म्हटलं, "घाण चटया मी घालणार नाही."

बैठक कशाची ते सांगते. आगाशीच्या पुढे, खाडीच्या अंगाला आमच्या गावाची भातशेती आहे. शेतं आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा मोठा बांध, आणि बांधात एक दार. त्याला उघाडी म्हणतात. पावसाळ्यात ओहोटी लागली की दार वर घ्यायचं, शेतात तुंबलेलं पाणी खाडीत सोडायचं, आणि भरती फिरायच्या आत दार पाडायचं. उशीर झाला की खारं पाणी आत. ते एकदा आत आलं की दोन-तीन वर्षं त्या जमिनीतल्या भाताला विसरायचं. म्हणून दर वर्षी पावसाच्या आधी शेतकरी बसतात आणि एकाच्या हातात नारळ देतात. ज्याच्या हातात नारळ, त्याच्याकडे त्या पावसाळ्याची उघाडी. मी लग्न होऊन आले तेव्हापासून नारळ दादांच्याच हातात पडत आला होता. यंदा पडणार नाही असं गावात उघड बोललं जात होतं, आणि त्याला कारण भूमध्य समुद्र.

माझा धाकटा दीर सात वर्षं माल्ट्याला आहे. जहाजांच्या कोणत्या तरी ऑफिसात. त्याने तिथे घर घेतलं आणि वडिलांनी ते बघावं म्हणून मेच्या सुरुवातीला तिकिटं पाठवली. माझ्या नवऱ्याला रजा मिळाली नाही. दादांच्या गोळ्या, पासपोर्ट आणि कवळी सांभाळायला मी.

दादांना तिथलं काही नवीन वाटलं नाही. पिवळ्या दगडाची घरं, कोपऱ्याकोपऱ्यावर क्रॉस, रविवारी चर्चमध्ये मिसेला निघालेल्या काळ्या कपड्यांतल्या म्हाताऱ्या. "हे तर आपल्याकडचं माणिकपूर," ते म्हणाले. "नुसत्या रिक्षा नायत."

चौथ्या-पाचव्या दिवशी दिराने आम्हाला एका चौपाटीवर नेलं. चौपाटी म्हणायचं म्हणून. दोन कड्यांच्या मधल्या फटीत समुद्र शिरलेला आणि तळाशी आमच्या अंगणापेक्षा लहान पुळण. पाणी काचेसारखं, खालचा गोटान् गोटा दिसतो. माणसंही थोडी, एक गोरं कुटुंब, दोन म्हाताऱ्या बायका उघड्यावर वाळत पडलेल्या. दादांनी त्यांच्याकडे पाठ केली ती शेवटपर्यंत.

उतरायला खडकात खोदलेल्या पायऱ्या, कठडा नाही. दादांचे गुडघे गेलेले. ते बसत बसत, पायरीमागून पायरी ढुंगणावर सरकत उतरले. माझी जाऊ वरूनच "अय्यो, केअरफुल दादा" करत होती. मी पुढे होते, ते घसरले तर माझ्यावर पडावेत म्हणून. खाली आल्यावर त्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, "आता ह्या पायऱ्या मी चढनार नाय."

"मग राहा इथंच," दीर हसला. "तसा त्या टोकापलीकडे धक्का आहे. तिथपर्यंत गाडी येते. पण मध्ये पाणी."

डाव्या हाताला कड्याचं एक नाक समुद्रात गेलेलं होतं. त्याच्या बुडाला छातीभर पाणी. दादांनी नाकाकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, बोटं मोडत तिथी मोजली.

"काल पुनव झाली. आज पडवा. उधानाची भरती, चांगली चढली असंल. दुपारनंतर पानी उतरंल, मंग टोकावरून पाय न भिजवता जाऊ. घाई कसली?"

"इथंही आपलीच तिथी चालते का दादा?" जावेने विचारलं.

"घड्याळ मागंपुढं असंल. चंद्र एकच हाय ना?"

दिराने जावेकडे बघून डोळा मारला, तो मी पाहिला. मला वाटलं बायकोशी काही चाललं असेल.

आता मी कुठली ते सांगायला हवं. मी साताऱ्याकडची. दादांनी मला पहिल्या दिवसापासून 'घाटावरची' म्हटलं, आणि ते लाडाने नव्हे. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी बायकांच्या मागोमाग खाडीत चिंबोऱ्या धरायला गेले. भरती फिरली, बायका बघता बघता बाहेर, आणि मी मांडीपर्यंत चिखलात. दादा बांधावर उभे होते. त्यांनी हाक मारली नाही. हातातली बिडी संपवली. पाणी माझ्या कमरेला लागलं तेव्हा बांबू पुढे केला. "आता इसरनार नाय," म्हणाले. खरं आहे, विसरले नाही. भरती-ओहोटी मी त्या बांबूला धरून शिकले. तेव्हा ह्या माणसाबद्दल मला उमाळे येतात असं कोणी समजू नये. पण तिथी आणि पाणी या बाबतीत मी त्यांना कधी चुकताना पाहिलं नव्हतं. ते पाणी उतरेल म्हणाले, म्हणून मीही डबा उघडून बसले.

दुपार झाली. डाळिंब्या-भात खाऊन झाला. पाणी होतं तिथंच होतं. दादा उठले, नाकापर्यंत गेले, खडकाला हात लावून बराच वेळ बघत राहिले. आमच्याकडे खडकावर पाण्याची खूण असते; भरतीचं पाणी जिथवर पोचतं तिथवर काळा, शेवाळी पट्टा, आणि त्याला चिकटलेली कालवं. इथे खडक वरपासून खालपर्यंत कोरडा, पांढरा. पाण्याला लागून वीतभर काळी रेघ, बस.

"कालवं नायत," परत येऊन ते म्हणाले. मग स्वतःच उत्तर दिलं. "इकडचे लोक खरवडून खात असतील. भुके मेले."

चहा नाही म्हणून माझं डोकं चढलं होतं. मी पायऱ्या चढून वर गेले. वर एका गाडीत कॉफी, पाणी, पाव विकणारी एक जाडी बाई होती. तिला मोडकंतोडकं इंग्रजी येत होतं, मलाही तेवढंच येतं, त्यामुळे छान जमलं. मी विचारलं, पाणी कधी खाली जाणार? तिला कळेना. मी हाताने दाखवलं, वर, खाली. ती हसली. तिने अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली, ती वीत वर केली, खाली केली, आणि मान हलवली. इथे एवढंच. रोज एवढंच. वर्षभर एवढंच.

मी कॉफी तिथेच प्यायले. मग खाली आले आणि दिराला बाजूला घेतलं.

"भाऊजी, इथं ओहोटी होतच नाही म्हणे."

"माहीत आहे वहिनी. सात वर्षं राहतोय."

"मग सकाळपासून सांगितलं का नाही?"

"त्यांना? कोणी सांगायचं? तुम्ही बघा सांगून." त्याच्या हातात मोबाइल होता आणि कॅमेरा चालू होता. दादा नाकाकडे तोंड करून बसलेले, मागून त्यांचं टक्कल तापून लाल झालेलं. दीर त्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "दादा! किती राहिलं?"

दादांनी वळून न बघता हात वर केला. "आता फिरंल. तासाभरात."

"तासाभरात," दीर मोबाइलला म्हणाला.

मी दादांसमोर जाऊन उभी राहिले. "दादा, ह्या समुद्राला ओहोटी नाही. वर बाईने सांगितलं. हे सगळं बंद पाणी आहे, तळ्यासारखं. उठा, हळूहळू पायऱ्या चढू."

ते माझ्याकडे बघत राहिले. राग सुद्धा आला नाही त्यांना. कीव आली.

"घाटावरची ती घाटावरचीच," ते म्हणाले. "तळ्याला खारं पानी असतंय?"

ऊन कड्याआड गेलं. वाळणाऱ्या म्हाताऱ्या कपडे घालून निघून गेल्या. वारा सुटला आणि दादांना थंडी वाजू लागली. पाण्याजवळ त्यांनी एक गोटा ठेवला होता, पाणी किती हटलं ते कळावं म्हणून, आणि त्या गोट्याकडे बघत होते. पाणी गोट्याला शिवायचं, मागे जायचं, पुन्हा शिवायचं. शेवटी त्यांनी नजर माझ्याकडे वळवली, आणि तेवढंच मला खरं वाईट वाटलं. तो माणूस घाबरला होता. पडायला नव्हे. पाण्याला.

पायऱ्यांवर दोन प्रयत्न झाले. तिसऱ्या पायरीवर गुडघा अडकला आणि ते किंचाळले. ते गोरं कुटुंब सामान आवरत होतं. त्यांच्याकडे हवा भरलेला रबरी पक्षी होता, गुलाबी, वाकड्या मानेचा, माणूस बसेल एवढा मोठा. दिराने जाऊन तो मागितला. गोऱ्या माणसाने हसत दिला, वर बसवायला हातही लावला. दादांना धोतरासकट त्या पक्ष्यावर बसवलं. त्यांनी मान घट्ट धरली. दीर छातीभर पाण्यात उतरून मागून टोकापलीकडच्या धक्क्याकडे ढकलू लागला, मी कडेने, साडी खोचून. जाऊ पायऱ्यांवरून शूटिंग करत होती. हसून हसून तिचा हात हलत होता.

"दादा, ओहोटीवर बसून चाललात!" दीर म्हणाला.

"ह्यो तर आपल्या खाडीतला पक्षी," दादा म्हणाले. मला वाटलं, त्यांनीही गंमत करायचं ठरवलं. पण चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. ते ओळखीचं काहीतरी शोधत होते, एवढंच.

आम्ही घरी परत आलो त्याच्या आधी व्हिडिओ आला. दिराने तो घरच्या ग्रुपवर टाकला, नाव दिलं 'दादांची ओहोटी'. घरच्यातून भाऊबंदांत, भाऊबंदांतून शेतकऱ्यांच्या ग्रुपवर. त्यात सगळं होतं. "तासाभरात." मग न हललेलं पाणी. पुन्हा "तासाभरात," पुन्हा तेच पाणी. शेवटी पक्षी. फक्त तिथे ओहोटी होत नाही, हे एक वाक्य त्यात नव्हतं.

आगाशीच्या बाजारात मासळीवाली मला म्हणाली, "काकी, पक्षी अंडी घालतो का?" चंदनसारला माझी नणंद राहते, तिच्या सोसायटीच्या वॉचमनपर्यंत तो पोचला होता. गावात तर खेळच झाला. दादा देवळात निघाले की कोणी तरी विचारायचं, "दादा, आज ओहोटी कवा?" दादा थांबून, बोटं मोडून नीट वेळ सांगायचे. ते पुढे गेले की मागे हशा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांना ते कळलं. तरी विचारलं की सांगायचे. न सांगणं त्यांना जमेना. मग देवळात जायचे बंद झाले.

मी दिराला फोन केला. "लिहा त्या ग्रुपवर, की तिथे ओहोटी होत नाही. तुमचं लिहिलेलं मानतील."

"वहिनी, गंमत होती हो."

"गंमत झाली. आता लिहा. बैठक आहे रविवारी."

तो म्हणाला, "खरं सांगू? नारळ गेला तर बरंच. ह्या वयात रात्री-अपरात्री त्या चिखलात उतरतात. पडले तर तुम्हालाच करावं लागणार. मी नाही लिहीत."

म्हणजे त्याने विचार केलेला होता. माझ्यासाठी केलेला होता, वर. मी फोन ठेवला.

नारळ कोणाला जाणार तेही ठरलेलं होतं. दादांचा चुलत पुतण्या. चाळिशीचा, मातीच्या भरावाचे टेम्पो चालतात त्याचे. त्याला भरती-ओहोटी मोबाइलवर दिसते. त्याचं स्वतःचं शेत नाही, पण शेत खारं झालं की मालक विकायला लवकर तयार होतो, आणि विकलेल्या शेतात भराव लागतो. हे गावात सगळ्यांना कळतं. कोणी बोलत नाही, कारण टेम्पो सगळ्यांना लागतो.

लोक उभे राहिले नाहीत. धुतलेल्या चटयांवर ऐसपैस बसले. मी चहा दिला. दादा नेहमीच्या जागी, खांबाला टेकून. समोर ताटात नारळ.

पुतण्याने हात जोडून सुरुवात केली. "दादा आमचे बापासारखे. त्यांनी इतकी वर्षं उघाडी सांभाळली, गावाचं शेत राखलं." कोणी तरी खालच्या आवाजात म्हणालं, "पक्षी राखला." हशा. पुतण्याने हसू येऊ न देता पुढे सांगितलं, "पण माणूस थकतो. अंदाज चुकतो. आपण पाहिलं सगळ्यांनी. मी काही बोलत नाही."

माझा नवरा, दादांचा थोरला मुलगा, चटईची काडी उपसत बसला होता. त्याच्याकडून काही येणार नाही हे मला माहीत होतं. मी किटली खाली ठेवली.

"मी तिथं होते," मी म्हटलं. "अंदाज चुकला नाही. त्या समुद्राला ओहोटीच नाही. पाणी वीतभर हलतं, तेवढंच. दिवसभर बसलं तरी, महिनाभर बसलं तरी. दादांच्या जागी तुम्ही कोणीही असतात तरी तेच झालं असतं."

एका म्हाताऱ्याने, दादांच्याच वयाच्या, मान तिरकी करून विचारलं, "ओहोटी नाय? मंग पानी भरतं कसं?"

"भरतही नाही."

"भरती नाय, ओहोटी नाय. मंग दर्या कशाला म्हनायचा? इहीर म्हन." अंगण हसलं. "बाय माझे, सासऱ्याला वाचव. पन दर्याला नको बुडवू."

"मोबाइलवर बघा ना," मी पुतण्याला म्हटलं. "तुमच्या मोबाइलवर भरती दिसते ना सगळी? माल्टा टाका."

"वहिनी, माझ्यात इकडचंच दिसतं," तो म्हणाला, आणि मोबाइल खिशात घातला.

मी पुन्हा बोलणार होते. तेवढ्यात दादांनी हात वर केला, चौपाटीवर केला होता तसाच.

"सून घाटावरची हाय," ते म्हणाले. "तिला कोनी बाईनं सांगितलं, तिनं ऐकलं. तिचा दोष नाय. ओहोटी नाय असा दर्या देवानं केलेला नाय. पानी उतरत होतं. मना दिसलं नाय."

"दादा," मी म्हटलं.

"तू गप. पानी उतरत होतं, मना दिसलं नाय. डोळं गेलं माझं." त्यांनी ताटातला नारळ उचलला आणि स्वतःच पुतण्यापुढे धरला. "ज्याला पानी दिसत नाय त्यानं दार धरू नये."

कोणी हसलं नाही. पुतण्याने नारळ घेतला, वाकून पायाला हात लावला. मग लोकांनी उरलेला चहा मागितला, आणि तो मी दिला.

त्यांना हवं असतं तर ते वाचले असते. एकदा म्हणायचं होतं, सून म्हणते ते खरं. पण मग सगळंच गेलं असतं. पुनव, पडवा, बोटं मोडणं, तो बांबू. डोळे गेले म्हटलं की समुद्र तरी शाबूत. त्यांनी समुद्र ठेवला आणि उघाडी दिली. मूर्खपणा. शेत सगळ्यांचं होतं, त्यात माझंही.

नवरा रात्री म्हणाला, "झालं ते बरं झालं. वाद नाही झाला." मी पाठ वळवून झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवला, डबा भरून नवऱ्याला ऑफिसला घालवलं, आणि दोन मजूर बायकांना निरोप पाठवला. उघाडी आता पुतण्याच्या हातात, म्हणजे यंदा पाणी आत येणार हे धरून चालायचं. आमच्या शेताचा आतला बांध गुडघ्याएवढा होता. तो कमरेएवढा करायचा ठरवलं. घमेली, फावडी काढत होते तेव्हा दादा बंडी घालून, काठी घेऊन तयार उभे होते.

"मी येतो. माती कुठली घ्यायची ते दाखवतो."

"नको," मी म्हटलं. "पायात याल."

त्यांनी काठी भिंतीला लावली. मी निघाले. बायका वेळेवर आल्या. वरची माती सुकी होती, ती टिकली नसती; खालची काढून घ्यावी लागली. ऊन चढेपर्यंत खाडीकडची बाजू झाली, मग आम्ही भाकरी खाल्ली आणि दुसरी बाजू धरली.